दहावीनंतर २१ वर्षांनी परत बीजगणित: न्यू जर्सीतल्या कम्युनिटी कॉलेजातलं एक प्रकरण

हे लिहायला वैशालीची परवानगी आहे, नाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदललेत. मी त्या कॉलेजच्या मॅथ लॅबमध्ये पार्ट टाइम ट्यूटर, म्हणजे ठरलेल्या वेळेला तिथे बसायचं आणि जो येईल त्याला अडलेलं समजावून सांगायचं, विद्यार्थ्याला त्याचे पैसे पडत नाहीत. इकडे आलेल्या बऱ्याच मराठी बायका विचारतात की मलापण नर्सिंग करायचंय किंवा अकाउंटिंग करायचंय पण ते गणित लागतं ना हो. हो, लागतं. पण नक्की कुठे अडतं ते बाहेरून कळत नाही, म्हणून हे एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

पार्श्वभूमी

वैशालीचं माहेर कराडजवळ, मराठी शाळा, २००१ ला दहावी, गणितात साठ-बासष्ट टक्के. पुढे आर्ट्स आणि मराठीत बीए, त्यामुळे दहावीनंतर गणिताशी संबंध किराण्याच्या हिशोबापुरता. लग्नानंतर एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, अमेरिकेत, काही वर्षांनी ग्रीन कार्ड, दोन मुलं, नवरा आयटीत. ग्रीन कार्ड आल्यावर तिने नर्स एडचा छोटा कोर्स केला आणि शनिवार-रविवार एका नर्सिंग होममध्ये जायला लागली, आजी-आजोबांना उठवणं, अंघोळ घालणं, जेवण भरवणं अशी कामं. तिथल्या आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सेसना बघून हिच्या मनात आलं की आपणपण हे करू शकतो. ३७ वर्षांची होती तेव्हा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांची डिग्री देणारं सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज, प्रवेश सगळ्यांना खुला, फी चार वर्षांच्या कॉलेजपेक्षा पुष्कळ कमी. न्यू जर्सीत अशी १८ आहेत. इथून नर्सिंगची असोसिएट डिग्री घेऊन एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा पास केली की आरएनचं लायसन्स मिळतं. पण "प्रवेश खुला" हे कॉलेजपुरतं, नर्सिंग प्रोग्रॅमला वेगळा अर्ज आणि त्याआधी केमिस्ट्री, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स असले विषय उरकायचे. आणि केमिस्ट्रीला बसायचं तर बेसिक अल्जिब्रा पास पाहिजे, नाहीतर प्लेसमेंट टेस्टमध्ये तेवढा स्कोअर पाहिजे. इथेच पहिला खड्डा.

पहिला निर्णय: प्लेसमेंट टेस्ट

२०२२ च्या उन्हाळ्यात तिने ॲक्युप्लेसर दिली. कॉलेज बोर्डाची कॉम्प्युटरवरची टेस्ट, २०० ते ३०० मध्ये स्कोअर, ज्या गणिताच्या भागाने तिचं ठरणार होतं त्यात २० प्रश्न, वेळेचं बंधन नाही. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो आणि मागे जाऊन काही बदलता येत नाही. तिला फोनवर कोणीतरी सांगितलं होतं की ही पास-नापासची परीक्षा नाही, नुसती तुमची लेव्हल बघायची असते, टेन्शन घेऊ नका. मग ही काहीच न वाचता गेली, वेळेचं बंधन नसूनही पाऊण तासात उठली कारण मुलांना समर कॅम्पवरून आणायचं होतं. स्कोअर कटऑफच्या दहा-बारा मार्क खाली. झालं, आधी एलिमेंटरी अल्जिब्राचा कोर्स करा, चार क्रेडिट (कोर्स आणि फी मोजायचं एकक), जे डिग्रीत धरलेच जात नाहीत.

"लेव्हल बघायची असते" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता चीड येते. खोटं नाहीये ते, पण त्या दहा-बारा मार्कांची किंमत एक सेमिस्टर आणि फी धरून क्रेडिटला दीडशे-दोनशे डॉलरच्या हिशोबाने सहा-आठशे डॉलर, वर होमवर्कच्या सॉफ्टवेअरचा शंभरेक डॉलरचा ॲक्सेस कोड. हे कोणी सांगत नाही.

एका टेस्टवर असं ठरवणं कितपत बरोबर यावर इकडे बरीच वर्षं वाद चाललाय. २०१२ मध्येच कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरच्या अभ्यासांत आलं होतं की या टेस्टमुळे बरीच मुलं उगाच खालच्या वर्गात जातात आणि हायस्कूलचे मार्क बघितले तर अंदाज जास्त बरोबर येतो. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ कायदा करून हे रेमेडियल, म्हणजे मागचं भरून काढायचे वर्ग जवळपास मोडीतच काढले. पण हायस्कूलचे मार्क बघा म्हणजे अमेरिकन हायस्कूलचे. कराडच्या शाळेची २००१ ची मार्कशीट घेऊन गेलात तर काउंटरवरची बाई गोड हसून परत देते, फारतर क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, म्हणजे परदेशी शिक्षण इथल्या हिशोबात कितीचं ते तपासून आणा म्हणते.

दुसरा निर्णय: ऑनलाइन की वर्गात

ऑगस्टमध्ये तिच्यापुढे तीन पर्याय होते. पंधरा आठवड्यांचा वर्ग, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी. तोच कोर्स पूर्ण ऑनलाइन, लेक्चरची ठरलेली वेळच नाही. किंवा सात आठवड्यांत उरकणारा वेगवान वर्ग. वेगवान तिने लगेच सोडला, ते बरोबरच. बाकी दोनात तिने ऑनलाइन घेतला, आणि कारण विचाराल तर सासूबाई. सासूबाई जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि त्या घरात असताना आठवड्यातून दोन संध्याकाळी पर्स अडकवून बाहेर पडायचं हे हिला बरं दिसेना. विचारलं मात्र नाही त्यांना. पुढे ऑक्टोबरमध्ये विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग जायाचं की गं, मी हाय की घरात, पोरं काय मला खात्यात का?"

ऑनलाइनचं असं होतं की व्हिडिओ बघताना सगळं समजतं. होमवर्कला सॉफ्टवेअर कितीही वेळा प्रयत्न करू देतं, शिवाय "असाच एक सोडवून दाखवा" असं बटण असतं, ते दाबलं की समोर पायऱ्या येतात, आकडे बदलून आपण तेच करायचं. तिचा होमवर्क ९५ च्या खाली कधी आला नाही. आणि पहिली टेस्ट, जी कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरमध्ये जाऊन कागदावर द्यायची होती, तिच्यात ४८.

अडचण नक्की कुठे होती

त्या ४८ चा पेपर घेऊन ती लॅबमध्ये आली तेव्हा पहिल्यांदा भेट. आडनाव बघून मी मराठीत बोलले तर डोळ्यात पाणीच आलं. म्हणाली, "ताई, माझं गणित कच्चंच आहे." मी म्हटलं आधी पेपर बघू.

पेपर बघितल्यावर कच्चं वगैरे काही वाटलं नाही, उलट बरंच काही पक्कं होतं, फक्त अर्धवट पक्कं. एक उदाहरण, -३एक्स = १२. हिने उत्तर काढलं ४. का? तर शाळेत शिकवलेलं डोक्यात घट्ट, पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं. -३ पलीकडे गेला, +३ झाला, १२ भागिले ३, चार. आता ते चिन्ह बदलणं बेरीज-वजाबाकीचं पद नेताना असतं, गुणणारी संख्या चिन्हासकट भागायला जाते, उत्तर -४. पण नियम लक्षात राहिला आणि तो कुठे लावायचा ते एकवीस वर्षांत गळून गेलं. इकडचे प्रोफेसर पलीकडे नेणं हा प्रकारच शिकवत नाहीत, दोन्ही बाजूंना तेच करा म्हणतात, दोन्ही बाजूंना -३ ने भागा. व्हिडिओत तिने हे वीस वेळा बघितलं असेल आणि प्रत्येक वेळी मनात म्हणाली असेल की हो हो, आपलं पक्षांतर.

तसंच ८ - ३ + २. हिचं उत्तर ३, कारण कंचेभागुबेव मध्ये बे आधी, वजाबाकी नंतर. बरोबर उत्तर ७, बेरीज-वजाबाकी डावीकडून जशी येईल तशी. याच्यात हसण्यासारखं काही नाही, इथली पोरं पेमडास, म्हणजे त्यांचं कंचेभागुबेव, पाठ करून १२ ÷ २ × ३ चं उत्तर २ काढतात कारण त्यांच्यात गुणाकाराचं अक्षर आधी येतं. माझ्या टेबलावर दोन्ही प्रकार आठवड्याला येतात.

पण सगळ्यात जास्त मार्क गेले होते शाब्दिक उदाहरणांत, आणि तिथे गणित नव्हतंच आड येत. "सिक्स लेस दॅन ट्वाइस अ नंबर". हिने लिहिलं ६ - २एक्स. वाचत वाचत लिहीत गेली, सहा दिसला, सहा लिहिला. मी तेच मराठीत विचारलं, एका संख्येच्या दुपटीपेक्षा सहाने कमी, तर पेन न उचलता २एक्स - ६. मग नाण्यांचं उदाहरण, बरणीत निकेल आणि डाइम मिळून २३ नाणी, एकूण १ डॉलर ७० सेंट, तर डाइम किती. कोरं सोडलेलं. निकेल म्हणजे ५ सेंट आणि डाइम म्हणजे १० हे तिला माहीतच नव्हतं, इतकी वर्षं राहून, कारण सगळा व्यवहार कार्डावर! मी फक्त किंमती सांगितल्या. तिने दोन समीकरणं मांडली, दहावीत एकसामयिक समीकरणं केलेली ती आठवून, आणि ११ डाइम, १२ निकेल असं उत्तर काढून मोजूनपण बघितलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आणि एक गंमत. नर्सिंगला ज्या गणिताची सगळ्यांना धास्ती असते ते औषधाच्या डोसचं, तेच हिला मुळात येत होतं. ऑर्डर ३७५ मिलिग्रॅमची, गोळी २५० ची, तर किती गोळ्या. सलाइन १००० मिली आठ तासांत द्यायचं तर तासाला किती. दीड आणि १२५, तोंडी. त्रैराशिक हो, दुसरं काय.

तिसरा निर्णय: सोडायचं की चालू ठेवायचं

हा खरा कळीचा मुद्दा आणि यावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पूर्ण रिफंडची तारीख कधीच गेलेली, पण डब्ल्यू (विथड्रॉवल, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) घेऊन कोर्समधून बाहेर पडायला अजून साधारण महिना होता. पर्याय असे की डब्ल्यू घ्यायचा आणि जानेवारीत वर्गात बसून परत करायचा, किंवा आहे तो रेटायचा. मध्येच परत ॲक्युप्लेसर द्यावी असंही तिच्या डोक्यात आलं, पण तिच्या कॉलेजात कोर्स सुरू झाला की ते बंद.

घरी डब्ल्यू म्हणजे नापास असं धरून चालले होते. तसं नसतं. डब्ल्यू ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर दिसतो पण जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत धरत नाहीत. फायनान्शियल एड घेणाऱ्यांनी जपावं लागतं कारण घेतलेल्या क्रेडिटपैकी ठरावीक प्रमाणात पूर्ण करावे लागतात, साधारण ६७ टक्के, पण ही फी खिशातून भरत होती. म्हणजे डब्ल्यूने नुकसान पैशाचं आणि वेळेचं, रेकॉर्डचं फारसं नाही. मी तिला घाबरून काही ठरवू नको म्हटलं, सिलॅबस काढ. सिलॅबसमध्ये वजनं होती: तीन टेस्ट प्रत्येकी १५, फायनल ३०, होमवर्क १५, क्विझ १०. पास व्हायला सी, म्हणजे ७०.

मग तिलाच मांडायला लावलं. पहिल्या टेस्टचे ४८ टक्के म्हणजे १५ पैकी ७.२ हातात. होमवर्कचे १४.५ आणि क्विझचे ८ धरले तर २२.५. राहिल्या दोन टेस्ट आणि फायनल मिळून ६० चं वजन, त्यात सरासरी एक्स पाहिजे. ७.२ + २२.५ + ६०एक्स ≥ ७०. सोडवलं तर एक्स किमान ०.६७२, म्हणजे उरलेल्या पेपरांत साधारण ६७ टक्क्यांची सरासरी. त्याच आठवड्यात कोर्समध्ये असमानता चालू होत्या, त्यामुळे हे स्वतःच मांडून स्वतःच सोडवलं तिने. ६७ हा आकडा बघून म्हणाली, "एवढेच? मला वाटलं नव्वद लागतील."

माझं मत तेव्हाही हेच होतं की ६७ जमण्यासारखे आहेत, पण आहे तशाच पद्धतीने अभ्यास केला तर नाही. दुसरी टेस्ट डब्ल्यूच्या शेवटच्या तारखेच्या आधी होती. म्हणून असं ठरलं की दुसऱ्या टेस्टपर्यंत चालू ठेवायचं, त्यात ६० च्या खाली आले तर डब्ल्यू, चर्चा नाही. आधीच आकडा ठरवून ठेवला हे चांगलं झालं, कारण टेस्टच्या दुसऱ्या दिवशी माणूस कुठल्याही निर्णयाला स्वतःला पटवू शकतो.

काय काय बदललं

मंगळवार-गुरुवार संध्याकाळी लॅबमध्ये येऊन बसायचं, सासूबाईंनी पोरं सांभाळली. होमवर्क आधी वहीत करायचा, बटण न दाबता, मग उत्तर सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. शाब्दिक उदाहरण आलं की इंग्रजी वाचायचं, मराठीत एकदा मोठ्याने सांगायचं, मग समीकरण. हे तिला पहिल्यांदा कमीपणाचं वाटलं, शेजारी बसलेली कॉलेजची पोरं बघतायत म्हणून. तिसऱ्या दिवशी बाजूचा एक डोमिनिकन मुलगा स्पॅनिशमध्ये तेच करताना दिसला आणि तो प्रश्न मिटला.

पक्षांतर हा शब्द आम्ही लॅबपुरता बंदच केला. प्रत्येक ओळीखाली दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहायचं, कंटाळवाणं वाटलं तरी. प्रोफेसर पायऱ्यांचे मार्क देत होते त्यामुळे त्याचा दुहेरी फायदा. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायला ठेवलेल्या वेळेला मात्र ती शेवटपर्यंत गेली नाही, मी तीन-चारदा सांगितलं. "सरांना काय विचारू, त्यांना वाटेल एवढंपण येत नाही." ऑनलाइन वर्गाचे सर तर स्क्रीनवर एकटेच बसून राहतात त्या तासाला, कोणी आलं तर खूश होतात.

निष्पत्ती

दुसऱ्या टेस्टला ७१, मग डब्ल्यूचा विषय संपला. तिसरीला ६६, बहुपदींचे अवयव पाडण्यात गाडी अडली, दहावीत सूत्र वापरून वर्गसमीकरण सोडवायची सवय आणि इथे सूत्र पुढच्या कोर्समध्ये. फायनलच्या वेळेला सासूबाई परत गेलेल्या, नवऱ्याने दोन दिवस रजा टाकली. फायनल ७४. एकूण ७२.४५, ग्रेड सी. काठावर पास म्हणाल तर हो, काठावरच. जानेवारीत स्टॅटिस्टिक्स घेतलं, यावेळी वर्गात बसून, बी मिळाला. केमिस्ट्री त्याच्या पुढच्या सेमिस्टरला. नर्सिंग प्रोग्रॅममध्ये अजून जागा मिळालेली नाही, अर्ज केलाय, तिथे रांग मोठी आहे आणि सायन्सचे ग्रेड बघतात, त्यामुळे पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ॲक्युप्लेसरच्या आधी दोन आठवडे तयारी, हे सगळ्यात वरती. कॉलेज बोर्डच्या साइटवर सरावाचे प्रश्न फुकट आहेत, अपूर्णांक, ऋण संख्या, साधी समीकरणं एवढं घासलं असतं तर ते दहा-बारा मार्क हातचे होते असं तिचा पेपर बघून मला वाटतं. किंवा टेस्ट झाल्यावर कोर्स सुरू व्हायच्या आत परत देता आली असती, तिच्या कॉलेजात एकदा परत देऊ देतात, थोडी फी घेऊन. तिने विचारलं नाही, आणि कोणी आपणहून सांगितलं नाही. पण टेस्टमधून सुटली असती आणि थेट केमिस्ट्रीत गेली असती तर तिथे त्याच पक्षांतराने घात केला असता का, हा प्रश्न माझ्या मनात आहे. मोल आणि कॉन्सन्ट्रेशनच्या उदाहरणांत चिन्ह चुकलं तर कोणी पायऱ्यांचे मार्क देत बसत नाही. त्यामुळे सेमिस्टर फुकट गेलं असं मी म्हणणार नाही, महाग पडलं एवढं म्हणेन.

काही कॉलेजांत आता थेट स्टॅटिस्टिक्स आणि जोडीला मदतीचा जादा तास असा प्रकार असतो, रेमेडियल न करता. तिच्या कॉलेजातही होता. फक्त स्टॅटिस्टिक्सच हवं असणाऱ्यांना, समजा सोशल वर्क वगैरे करणाऱ्यांना, तो नक्की बरा. हिला केमिस्ट्रीसाठी अल्जिब्रा सुटणार नव्हता, म्हणून हिच्या बाबतीत त्याने फरक पडला नसता.

ऑनलाइनचं मात्र स्पष्ट चुकलं. ज्याला विषय येतो आणि नुसतं सर्टिफिकेट पाहिजे त्याला ऑनलाइन ठीक. ज्याच्या डोक्यात जुने अर्धे नियम बसलेत त्याला समोर कोणीतरी वही बघणारं लागतं, कारण सॉफ्टवेअर उत्तर चूक एवढंच सांगतं, -३ चा +३ का झाला ते विचारत नाही. आणि सासूबाईंना जूनमध्येच विचारायला हवं होतं.

शेवटचं, सल्ला कोणाचा घ्यायचा. तिने सगळं जनरल ॲडव्हायजरला विचारलं, तो बिचारा रोज पन्नास जणांना बघतो, सगळ्या प्रोग्रॅमचे बारकावे त्याला कुठून माहीत असणार. नर्सिंग डिपार्टमेंटच्या ऑफिसला आधीच ईमेल टाकून कुठला गणिताचा कोर्स, कमीत कमी कुठला ग्रेड, टेस्टचा स्कोअर किती वर्षं चालतो हे लेखी मागवलं असतं तर बरं झालं असतं. केमिस्ट्रीच्या वेळी तिने तेच केलं, दोन दिवसांत उत्तर आलं, आणि तो ईमेल प्रिंट काढून फाईलला लावलाय.